व्हेगस नर्व्ह, बर्फाचं पाणी आणि डॉक्टर केव्हिन ट्रेसी

परवा मावशीने मला एक रील फॉरवर्ड केलं. तोंडावर बर्फाचं पाणी मारा, ‘व्हेगस नर्व्ह रीसेट’ होईल, सांधेदुखी पळेल. मावशीला ऱ्हुमटॉइड आर्थरायटिस आहे, सकाळी उठल्यावर बोटं वळत नाहीत तिची. "खरंय का रे हे?" असं तिने विचारलं, म्हणून आजचा विषय हा.

या सगळ्याच्या मुळाशी एक खरा माणूस आहे. केव्हिन ट्रेसी, न्यूयॉर्कचे न्यूरोसर्जन. १९८५ मध्ये ते अजून शिकत होते, तेव्हा त्यांच्याकडे अकरा महिन्यांची एक मुलगी आली. स्वयंपाकघरात उकळतं पाणी अंगावर पडलं होतं. ती हळूहळू सुधारत होती, वॉर्डात तिचा पहिला वाढदिवसही झाला. आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. सेप्सिस. का गेली, हे कुणालाच नीट सांगता येईना. ट्रेसींच्या डोक्यातून ते जाईना, आणि ते लॅबमध्ये शिरले.

तिथे त्यांचं लक्ष गेलं ‘टीएनएफ’ नावाच्या प्रोटीनकडे. इन्फेक्शन झालं की आपल्याच पेशी ते सोडतात. थोडं असेल तर कामाचं, पण फार झालं तर बीपी कोसळतं. १९८६ मध्ये त्यांनी दाखवलं की बॅक्टेरिया नसतानाही नुसतं टीएनएफ टोचलं तरी उंदीर शॉकमध्ये जातात. म्हणजे मारणारा जंतूच असतो असं नाही, आपलीच इम्युनिटी मारू शकते. पुढच्या वर्षी टीएनएफ अडवणाऱ्या अँटिबॉडीने बबून माकडं वाचली. गंमत म्हणजे सेप्सिसच्या पेशंट्सवर ही युक्ती फारशी चालली नाही, पण टीएनएफ अडवणारी औषधं आमवातावर मात्र जोरात चालली.

आता खरी मजा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांच्या टीमने एक औषध उंदरांच्या मेंदूत अगदी थोडंसं टोचलं. अपेक्षा एवढीच, की मेंदूतली सूज कमी होईल. पण टीएनएफ अख्ख्या शरीरात कमी झालं! निरोप रक्तातून गेला असेल का? मग त्यांनी व्हेगस कापली. ही मेंदूतून निघून मानेतून हृदयाकडे, पोटाकडे जाणारी लांबलचक नस. कापल्यावर परिणाम गायब. उलट, तिलाच विजेचे हलके झटके दिले तर टीएनएफ खाली. २००० साली हे ‘नेचर’मध्ये आलं.

आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीममध्ये फीडबॅक लूप होता आणि डॉक्युमेंटेशनमध्ये त्याची नोंदच नव्हती. सिग्नल प्लीहेपर्यंत जातो, तिथल्या काही टी-पेशी अ‍ॅसिटिलकोलीन सोडतात, ते मॅक्रोफेज पेशींना टीएनएफ बनवणं आवरायला लावतं. मधल्या वायरिंगबद्दल शास्त्रज्ञांत अजून भांडणं आहेत, बरं का. पण इम्युनिटी स्वतंत्र खातं आहे, मेंदूचा तिच्याशी संबंध नाही, ही जुनी समजूत मात्र गेली.

मग माणसांचं काय? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आमवाताच्या १७ पेशंट्सना यंत्र बसवलं होतं. चालू केल्यावर बऱ्याच जणांना फरक पडला, बंद केल्यावर त्रास वाढला, परत चालू केल्यावर कमी. २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने असं यंत्र मंजूर केलं, दिवसाला एक मिनिट चालणारं. ते बनवणाऱ्या कंपनीचे ट्रेसी सहसंस्थापक आहेत, हेही लक्षात असू द्या. आणि आकडा बघा. २४२ जणांच्या चाचणीत बारा आठवड्यांनी ठरावीक सुधारणा झाली ती यंत्र चालू असलेल्यांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना, आणि यंत्र बसवून बंद ठेवलेल्यांपैकी सुमारे २४ टक्क्यांना. फरक आहे, जादू नाही.

म्हणजे ऑपरेशन करून, नेमक्या नसेवर, मोजून दिलेल्या विजेचा हा परिणाम. थंड पाण्याने हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, त्यात व्हेगसचा हात असतो, तेवढं रीलमधलं खरं. तिथून सांध्यांपर्यंतची उडी रीलवाल्याने स्वतः मारलीये.

मावशीला मी फोनवर हेच सांगितलं. गोळ्या बंद करू नको म्हटलं. "गोळ्या चालूच आहेत रे," ती म्हणाली, "पण पाणी मारलं की सकाळी बरं वाटतं." म्हटलं, मार मग.