मुंबईच्या कापड गिरण्यांमधील बेकारी (१९१८–१९३९)

दोन महायुद्धांच्या दरम्यान मुंबईतील सूतगिरण्या व कापड गिरण्यांमधील कामगारांवर वारंवार बेकारीची पाळी आली. युरोपातील बेकारीशी ती समकालीन होती, मात्र तिचे स्वरूप वेगळे होते.

== कारणे ==
पहिल्या महायुद्धाच्या काळातील तेजी १९२२ नंतर ओसरली. चीनमधील सुताची बाजारपेठ हातची गेली आणि जपानी कापडाची स्पर्धा वाढली. १९२७ साली रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स ठरविण्यात आला. त्यामुळे आयात माल स्वस्त पडू लागला. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले व ग्रामीण ग्राहकाची क्रयशक्ती घटली. डिसेंबर १९३१ मध्ये जपानी येनचे अवमूल्यन झाल्यावर स्पर्धा अधिकच तीव्र झाली.

== कामगार कपात व संप ==
खर्च कमी करण्यासाठी मालकांनी वेतनकपात आणि एका कामगाराकडे अधिक माग सोपविण्याची पद्धत अवलंबिली. १९२५ साली ११.५ टक्के वेतनकपातीविरुद्ध संप झाला, कापडावरील ३.५ टक्के अबकारी कर स्थगित झाल्यावर कपात मागे घेण्यात आली. १९२८ चा सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने चालला. त्याच वर्षी गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. १९३४ साली पुन्हा सार्वत्रिक संप झाला.

== बदली कामगार ==
कायम कामगार गैरहजर असल्यास त्याच्या जागी बदली कामगार घेतला जाई. असे कामगार रोज सकाळी गिरणीच्या दाराशी जमत; निवड जॉबरच्या हाती असल्याने लाचलुचपतीस वाव मिळे. १९३५ साली गिरणी मालक संघाने बदली नियंत्रण पद्धत सुरू केली. तीनुसार कार्डधारक बदल्यांना प्राधान्य मिळू लागले.

== युरोपशी तुलना ==
१९३२ च्या आरंभी जर्मनीत सुमारे ६० लाख नोंदणीकृत बेकार होते. ब्रिटनमध्ये १९११ पासून व जर्मनीत १९२७ पासून बेकारी विमा असल्याने बेकारांची मोजदाद होत असे. भारतात असा विमा नव्हता. काम सुटलेला कामगार बहुधा रत्नागिरी, सातारा आदी जिल्ह्यांतील आपल्या गावी परते व शेतीवर किंवा भाऊबंदांवर अवलंबून राही. शेतमालाचे भाव पडलेल्या काळात हा आधारही तुटपुंजा होता. परिणामी शहरातील बेकारीचा मोठा भार खेड्यांनी उचलला व तो कोणत्याही नोंदवहीत आला नाही.