गाडीचं सस्पेन्शन बदलताय? आधी मणक्याचं ऐका

कंबरदुखीचा पेशंट आला की काम, झोप, वजन, जुनी दुखापत असे नेहमीचे प्रश्न मी विचारतो. गेली तीन वर्षं त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे: "गाडीत अलीकडे काही बदललंय का?" बहुतेक जण गोंधळून बघतात. काही जण मात्र सांगतात, की हो, मोठी अलॉय व्हील टाकली, स्प्रिंगमध्ये रबरी बफर बसवले, गाडी थोडी खाली घेतली. हा प्रश्न मी कुठल्या पुस्तकात वाचला नाही. आईमुळे शिकलो.

आम्ही कराडला राहतो, आई चिपळूणला. मध्ये कुंभार्ली घाट. माझी जुनी सेडान घाटातल्या वळणांवर फार कलायची आणि मुलीला दर खेपेला उलटी व्हायची. गॅरेजवाल्याने उपाय सुचवला: कडक स्पोर्ट्स स्प्रिंग, तसेच कडक शॉकअप, आणि जोडीला एक इंचाने मोठी चाकं. गाडी वळणावर खरंच घट्ट बसू लागली. मी खूश होतो. महिन्याभराने आईला कराडला आणत होतो. पाटण सोडल्यावर एक गतिरोधक मला उशिरा दिसला. पुढची चाकं कशीबशी गेली, मागची आदळली आणि मागच्या सीटवर बसलेली आई उचलली जाऊन धाडकन खाली बसली. "अरे, पूर्वीची गाडी बरी होती की रे," एवढंच ती म्हणाली. तीच गाडी आहे, असं मी हसत उत्तर दिलं.

त्या रात्रीपासून तिची पाठ दुखू लागली. स्नायू लचकला असेल असं समजून मी वेदनाशामक गोळ्या दिल्या, शेकायला सांगितलं. पाचव्या दिवशी अंथरुणातून उठताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा कुठे एक्स-रे काढला. कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूने चेपला होता. वय ७१, रजोनिवृत्ती होऊन वीस वर्षं झालेली, अंगकाठी बारीक. दुसऱ्या कुणाची आई असती तर पहिल्याच दिवशी मी एक्स-रे सांगितला असता.

आणि मुलगी? तिला घाटात अजूनही उलटी होतच होती.

शरीराला नेमकं काय सोसत नाही?

सस्पेन्शन मऊ म्हणजे आरामदायी आणि कडक म्हणजे त्रासदायक, असं आपण धरून चालतो. शरीराचा हिशेब वेगळा आहे. त्याला दोन प्रकारची हालचाल सोसत नाही, आणि या दोन प्रकारांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

पहिला प्रकार संथ हेलकाव्यांचा. सेकंदाला अर्ध्यापेक्षाही कमी वेळा होणारी हालचाल, म्हणजे एक हेलकावा पूर्ण व्हायला दोन ते दहा सेकंद. बोट लागते ती यामुळेच. कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला हालचाल कळते, पण गाडीत मोबाइलवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर खिळलेल्या डोळ्यांना ती दिसत नाही. या विसंगतीतून मळमळ सुरू होते.

दुसरा प्रकार जलद कंपनांचा. बसलेल्या माणसाचं धड उभ्या दिशेत सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा हललं की ते सीटच्या तालात जास्तच हलू लागतं. झोपाळ्याला योग्य क्षणी धक्का दिला की तो वर वर जातो, तसंच. सीट जेवढी हलते त्याहून मणक्याचा भाग जास्त हलतो. म्हणूनच शरीराला बसणाऱ्या कंपनांच्या मोजमापाचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ २६३१, बसलेल्या माणसाच्या बाबतीत उभ्या दिशेतल्या ४ ते ८ हर्ट्झच्या पट्ट्याला सर्वांत जास्त वजन देतं. एक हर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक कंपन.

आता गाडीकडे वळू. सर्वसाधारण कौटुंबिक मोटारीची बॉडी स्प्रिंगवर सेकंदाला १ ते १.५ वेळा वरखाली होते. हा आकडा विचारपूर्वक ठेवलेला असतो: मळमळीच्या पट्ट्याच्या वर आणि मणक्याच्या पट्ट्याच्या बऱ्यापैकी खाली. स्प्रिंग ३० टक्क्यांनी कडक केली तर हा वेग फक्त १४ टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे फार काही बिघडलं असं कागदावर दिसत नाही. पण रस्त्यावरून येणारी ४-५ हर्ट्झची कंपनं सीटपर्यंत पोचू न देणं हे स्प्रिंगचं खरं काम. स्प्रिंग जितकी कडक, जवळपास त्याच प्रमाणात ही गाळणी कमजोर होते. शॉकअपही कडक असेल तर त्यात आणखी भर.

युरोपीय महासंघाने २००२ च्या निर्देशात कामगारांसाठी मर्यादा ठरवल्या. आठ तासांच्या दिवसाची कंपनांची पातळी ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेली की मालकाने उपाय सुरू करायचे आणि १.१५ च्या वर जाऊच द्यायची नाही. चांगल्या रस्त्यावरची साधी मोटार सहसा पहिल्या आकड्याच्या खाली असते. पण सरासरी काढली की एखादा जबर दणका तिच्यात बुडून जातो. म्हणून दणक्यांसाठी आयएसओ मानकात वेगळं माप आहे. त्यात कंपनाचा चौथा घात धरतात, त्यामुळे दुप्पट जोराचा दणका सोळापट मोजला जातो. मणक्याची अडचण मला नेमकी या मापात दिसते. तासभराची थरथर तो सहन करतो. एक आदळआपट त्याला महागात पडते.

तो एक दणका

गाडी खाली घेतली की चाकाला वर जायला जागा कमी उरते. जोराचा खड्डा किंवा गतिरोधक आला की स्प्रिंग पूर्ण दबण्याआधीच बंप स्टॉपर नावाच्या रबरी ठोकळ्यावर सगळं आदळतं. तिथे स्प्रिंग संपली, शॉकअप संपला. उरलेला धक्का बॉडीतून सीटमध्ये आणि सीटमधून मणक्यात जातो. मागची सीट मागच्या चाकांच्या जवळ असते, म्हणून तिथे उसळी पुढच्यापेक्षा जास्त. माणूस सीटवरून सुटतो आणि पुन्हा खाली बसतो, तेव्हा छातीचा शेवटचा आणि कमरेचा पहिला मणका यांच्या जोडावर सरळ उभा भार येतो. तरुणाचं हाड हे झेलतं. ठिसूळ हाड चेपतं. बसच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या वयस्कर प्रवाशांना असं होतं हे डॉक्टरांना माहीत आहे. मोटारीतही होऊ शकतं, हे मी विसरलो होतो.

विषय निघालाच आहे तर एक गंमत. गतिरोधकावरून जाताना पोट दुखतं का, एवढ्या प्रश्नावर अपेंडिक्सची शंका कितपत घेता येते, याचा अभ्यास इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी केला आणि तो २०१२ मध्ये बीएमजे या नियतकालिकात आला. अपेंडिक्स निघालेल्या ३४ पैकी ३३ जणांचं दुखणं गतिरोधकावर वाढलं होतं. अर्थात दुसऱ्या कारणाने पोट दुखणाऱ्या अनेकांचंही वाढलं होतं, म्हणून हो आलं तरी अपेंडिक्सच असं म्हणता येत नाही. गाडीचा दणका शरीरात किती खोल पोचतो, ते मात्र यावरून कळतं.

मग मुलीची उलटी का थांबली नाही?

कारण तिचा त्रास मुख्यतः गाडीच्या कलण्यातून येत नव्हता. वळणावर शरीर बाहेर फेकलं जातं, ब्रेक मारला की पुढे जातं. घाटात हे सावकाश आणि सतत चालू असतं. हा जोर सस्पेन्शन कमी करू शकत नाही, तो वेगावर ठरतो, आणि वेगाच्या वर्गावर. तेच वळण ताशी ५० ऐवजी ४० ने घेतलं तर बाजूला फेकणारा जोर ३६ टक्के कमी होतो. उलट गाडी घट्ट बसते म्हणून मी वळणं जास्त वेगाने घेऊ लागलो होतो! स्वस्तातला उपाय निघाला तो असा: मुलीला मागे मधोमध, पण समोरचा रस्ता दिसेल असं बसवणं, मोबाइल बंद, पोट गच्च भरलेलं नाही आणि अगदी रिकामंही नाही, आणि बापाचा पाय ॲक्सिलरेटरवरून थोडा वर.

बदल करायचाच असेल तर

दुसऱ्या मेकॅनिकने गाडी वर उचलून पाहिली, तेव्हा मूळ दुखणं सापडलं. गाडी नव्वद हजार किलोमीटर चालली होती. स्टॅबिलायझर बारच्या लिंक रॉड खिळखिळ्या, बुश फाटलेले. आधीच्या गॅरेजमध्ये उतरवलेले जुने शॉकअप तेल गळून ओले झालेले होते, हे मी तेव्हा पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. म्हणजे गाडी कलायची ती मऊ स्प्रिंगमुळे नव्हे. आम्ही डॉक्टर पेशंटला सांगतो ना, तपासणीआधी औषध नको. तसंच हे.

म्हणून आधी गाडीची तपासणी: शॉकअपवर तेलाचा ओघळ, टॉप माउंट, लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, टायरची असमान झीज. हे भाग मूळ दर्जाचे नवे घातले तरी बऱ्याच गाड्या "अपग्रेड" केल्यासारख्या वाटतात. शॉकअप नेहमी जोडीने बदला, पुढचे दोन किंवा मागचे दोन, आणि नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या.

एवढं करूनही गाडी सैल वाटत असेल, तर स्प्रिंग मूळचीच ठेवून फक्त चांगल्या प्रतीचे शॉकअप घाला. यात एक बारकावा आहे आणि सगळा आराम त्यावरच ठरतो. वळणावर गाडी कलते तेव्हा शॉकअपचा दांडा सावकाश सरकतो. खड्ड्यात चाक पडतं तेव्हा तो झटक्यात सरकतो. चांगला शॉकअप सावकाश हालचालीला घट्ट आणि झटक्याला सैल असतो, म्हणून कलणं कमी होतं पण दणका वाढत नाही. स्वस्त "स्पोर्ट्स" शॉकअप बहुधा दोन्हीला सारखाच घट्ट असतो. विकत घेताना हाच प्रश्न विचारा. विक्रेत्याला तो कळला नाही तर दुसरं दुकान पाहा. ॲडजस्टेबल प्रकार घेतला तर सर्वांत मऊ खाचेपासून सुरुवात करून, घरातली सर्वांत वयस्कर व्यक्ती मागे बसवून, रोजच्या रस्त्यावर एकेक खाच वाढवत जा.

काही गाड्यांसाठी जाडसर स्टॅबिलायझर बार मिळतो. गतिरोधकावर दोन्ही चाकं बरोबर वर जातात तेव्हा हा बार मध्ये पडत नाही, म्हणून तिथला दणका वाढत नाही. एकाच बाजूच्या खड्ड्यात मात्र थोडा जास्त हिसका बसतो.

स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बसवायचे रबरी बफर माझ्या मते टाळावेत. गाडी उंच होते हे खरं, पण बफर बसतो तिथली वेटोळी निकामी होतात आणि उरलेली स्प्रिंग कडक होते. स्प्रिंग कापून गाडी खाली घेणं तर नकोच. कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे निर्बंध आहेत, आणि वॉरंटी व विम्याचा प्रश्नही उभा राहतो.

टायर हीसुद्धा स्प्रिंगच आहे, तिच्यात हवा भरलेली असते इतकंच. १९५/५५ आर १६ च्या जागी २०५/४५ आर १७ घातला की टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची १०७ मिलिमीटरवरून ९२ वर येते. दिसायला छान, पण ते १५ मिलिमीटर रबर आणि हवा तुमच्या मणक्याच्या वाट्याचे होते. हवेचा दाब ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो तेवढाच, टायर थंड असताना. पंपावर "साहेब, ३८ भरतो, चालेल ना?" विचारतात. नाही चालत.

सीटची पाठ किंचित मागे, साधारण १०० ते ११० अंशांत ठेवा, कमरेच्या खोलगट भागाला लहान उशी. दीड-दोन तासांनी उतरून चाला. लांबच्या प्रवासानंतर उतरल्या उतरल्या वाकून डिकीतली जड बॅग उचलू नका; बसून आणि हादरून थकलेल्या चकत्यांना पाचेक मिनिटं द्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ किलोमीटरला ओलांडण्यासाठी. आपल्या गावांतले बरेच गतिरोधक अरुंद आणि उभट असतात. तिथे १० सुद्धा जास्त आहे.

डॉक्टरांकडे कधी जायचं

साठीपुढच्या कुणालाही गाडीत दणका बसून पाठ दुखू लागली, कूस बदलताना किंवा उठताना कळ येत असेल, तर चार दिवस वाट पाहू नका, एक्स-रे काढा. बरीच वर्षं स्टिरॉइड घेतलेल्यांनी वय कमी असलं तरी तेच करावं. पायात बधिरपणा किंवा पाऊल उचलता न येणं, जांघेत बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पाठदुखीसोबत ताप किंवा वजन घटणं असेल तर ते गाडीचं दुखणं नाही, वेगळी तपासणी लागेल.

एक मणका चेपला की पुढचा चेपण्याची शक्यता वाढते. म्हणून नुसतं दुखणं थांबवून भागत नाही. डेक्सा तपासणी करून हाडांचं औषध सुरू करावं लागतं. आईचं ते सुरू आहे. कंबरपट्टा तीन महिन्यांनी सुटला, उंची मात्र दोन सेंटिमीटर कमी झाली ती झालीच. गाडीत मूळच्या मापाच्या स्प्रिंग आणि चाकं परत आली आहेत, शॉकअप नवे आहेत. आई आता पुढच्या सीटवर बसते आणि गतिरोधक माझ्याआधी तिला दिसतो.