युनिव्हर्सल स्टुडिओज हॉलीवूड

युनिव्हर्सल स्टुडिओज हॉलीवूड हा अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील लॉस एंजेलस काउंटीमध्ये असलेला चित्रपट स्टुडिओ आणि त्याला जोडलेले मनोरंजन उद्यान आहे. सॅन फर्नांडो खोऱ्याच्या कडेला, युनिव्हर्सल सिटी या भागातील टेकडीवर ते वसले आहे. उद्यानाची मालकी कॉमकास्ट समूहातील एनबीसीयुनिव्हर्सल या कंपनीकडे आहे. बहुतेक मनोरंजन उद्याने मोकळ्या जागेवर मुद्दाम उभारली जातात. हे उद्यान मात्र चालू स्टुडिओ पाहण्यासाठी निघणाऱ्या सफरीतून वाढत गेले. त्यामुळे चित्रीकरणासाठी उभारलेले आणि केवळ प्रेक्षकांसाठी उभारलेले असे दोन्ही प्रकारचे देखावे येथे शेजारी शेजारी आढळतात.

इतिहास

मूकपटांचा काळ

जर्मनीत जन्मलेले निर्माते कार्ल लेमली यांनी १५ मार्च १९१५ रोजी युनिव्हर्सल सिटीचे उद्घाटन केले. चित्रीकरण कसे चालते हे पाहण्यासाठी सर्वसामान्य लोकांना २५ सेंट शुल्क घेऊन प्रवेश दिला जाई. प्रेक्षक पायऱ्यापायऱ्यांच्या बाकांवर बसून चित्रीकरण पाहत आणि नायकाला मोठ्याने दाद देत. चित्रपट मूक असल्यामुळे या गोंगाटाचा कामात व्यत्यय येत नसे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले आणि चित्रीकरणाच्या ठिकाणी शांतता अनिवार्य झाली. परिणामी प्रेक्षकांसाठी स्टुडिओची दारे बंद झाली व ती तीन दशकांहून अधिक काळ बंदच राहिली.

ट्राम सफरीची सुरुवात

१९५८ मध्ये एमसीए या कंपनीने स्टुडिओची जागा विकत घेतली. १५ जुलै १९६४ रोजी प्रेक्षकांसाठी सफर पुन्हा सुरू झाली. या वेळी प्रेक्षक बाकांवर न बसता एकमेकींना जोडलेल्या उघड्या गाड्यांतून, म्हणजे ‘ट्राम’मधून, स्टुडिओभर फिरू लागले. या गाड्या रुळांवरून नव्हे, तर रस्त्यावरून चालतात. प्रेक्षक फिरते राहिल्यामुळे चित्रीकरण चालू असलेला भाग टाळून गाडी दुसऱ्या मार्गाने नेता येऊ लागली आणि बोलपटांमुळे निर्माण झालेली अडचण दूर झाली.

या पद्धतीत एक उणीवही होती. ज्या दिवशी चित्रीकरण नसे, त्या दिवशी पाहण्यासारखे फारसे उरत नसे. ती भरून काढण्यासाठी सफरीच्या वाटेवर खास देखावे उभारले जाऊ लागले. १९६८ मध्ये अचानक येणाऱ्या पुराचा, तर १९७६ मध्ये ‘जॉज’ चित्रपटातील शार्कचा देखावा सुरू झाला. १९८६ मध्ये किंग काँगची अवाढव्य यांत्रिक आकृती उभी राहिली. पुढे भुयारी रेल्वेस्थानकातील भूकंपाच्या देखाव्याचीही त्यात भर पडली.

स्टुडिओ सफर

सुमारे तासाभराची ही सफर आजही उद्यानाचे मुख्य आकर्षण मानली जाते. ट्राम ध्वनिमंचांच्या मधून निघून मागील बाजूच्या खुल्या चित्रीकरणस्थळांत प्रवेश करते. तेथील बहुतेक इमारतींना केवळ दर्शनी भिंत असते. मागे लाकडी वा लोखंडी आधारांखेरीज काही नसते. एकच रस्ता पाट्या, दिवे आणि रंग बदलून निरनिराळ्या शहरांचा म्हणून वापरला जातो. ‘बॅक टू द फ्यूचर’ (१९८५) या चित्रपटातील घड्याळाच्या मनोऱ्याचा चौक याच भागात आहे. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’ (१९६०) चित्रपटातील टेकडीवरचे घरही येथे पाहता येते. तो चित्रपट पॅरामाउंट कंपनीने वितरित केला असला, तरी त्याचे चित्रीकरण मुख्यतः याच आवारात झाले होते. ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (२००५) साठी खऱ्या बोइंग ७४७ विमानाचे तुकडे करून रचलेला अपघातस्थळाचा देखावा त्याच परिसरात जपून ठेवला आहे.

सफरीतील खऱ्या आणि रचलेल्या गोष्टींची सरमिसळ शार्कच्या देखाव्यात स्पष्ट दिसते. ‘जॉज’ (१९७५) या चित्रपटाचे चित्रीकरण प्रामुख्याने मॅसॅच्युसेट्स राज्यातील मार्थाज व्हिनयार्ड बेटावर झाले. स्टुडिओतील तळे आणि त्याकाठचे गाव चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर प्रेक्षकांसाठी सजवण्यात आले. मात्र पुढे हाच तळ्याकाठचा देखावा ‘मर्डर, शी रोट’ या दूरचित्रवाणी मालिकेतील काही दृश्यांसाठी वापरला गेला. अशा रीतीने प्रेक्षकांसाठी केलेली नक्कल पुन्हा चित्रीकरणाच्या कामी आली.

पूर आणि भूकंपाचे देखावे दिवसभरात अनेकदा दाखवावे लागतात. त्यामुळे पुराचे पाणी खाली साठवून पंपाने पुन्हा वर चढवले जाते. भूकंपात कोसळणारे भागही जलशक्तीवर चालणाऱ्या यंत्रणेने पुढची ट्राम येण्याआधी मूळ जागी आणले जातात.

२००८ची आग

१ जून २००८ रोजी पहाटे स्टुडिओच्या आवारात भीषण आग लागली. न्यूयॉर्कच्या रस्त्याच्या देखाव्यातील एका छपराची दुरुस्ती करताना वापरलेल्या ज्योतीच्या उष्णतेमुळे ती लागल्याचे तपासात आढळले. या आगीत रस्त्याचा मोठा भाग, किंग काँगचा देखावा आणि ध्वनिचित्रफितींचे एक कोठार भस्मसात झाले. रस्त्याचा देखावा पुन्हा बांधून २०१० मध्ये वापरात आला. त्याच वर्षी दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या सहभागाने किंग काँगचा नवा त्रिमितीय देखावाही सुरू झाला.

जळालेल्या कोठारात युनिव्हर्सल म्युझिक ग्रुप या कंपनीच्या मूळ ध्वनिमुद्रणांच्या फितीही ठेवल्या होत्या. आगीनंतर सार्वजनिक चर्चा मुख्यतः देखाव्यांच्या नुकसानीची झाली. फितींच्या नुकसानीची व्याप्ती २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिनने प्रसिद्ध केलेल्या वृत्तानंतर चर्चेत आली. कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांत सुमारे ५ लाख गीतांच्या ध्वनिमुद्रणांचा अंदाज नोंदवल्याचे त्यात म्हटले होते. नुकसान इतके मोठे असल्याचे कंपनीने नाकारले. दर्शनी भिंती नव्याने उभारता येतात. मूळ ध्वनिमुद्रण मात्र एकदा नष्ट झाले की पुन्हा निर्माण करता येत नाही. त्यामुळे सांस्कृतिक दस्तऐवज कोठे आणि कसे जतन करावेत, हा प्रश्न या आगीच्या निमित्ताने पुढे आला.

रचना व आकर्षणे

टेकडीच्या उतारामुळे उद्यानाचे वरचा आणि खालचा असे दोन भाग पडले असून ते सरकत्या जिन्यांच्या लांब मालिकेने जोडलेले आहेत.

वरच्या भागात ७ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेले हॅरी पॉटरचे जादुई विश्व आहे. तेथील हॉगवॉर्ट्स किल्ल्याचे वरचे भाग प्रमाणापेक्षा लहान बांधल्यामुळे तो प्रत्यक्षाहून उंच भासतो. ‘वॉटरवर्ल्ड’ हा पाण्यावरील साहसदृश्यांचा प्रयोगही याच भागात होतो. त्याचा मूळ चित्रपट १९९५ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा तोवरचा सर्वांत खर्चिक चित्रपट म्हणून गाजला होता. अमेरिकेत त्याला अपेक्षित यश मिळाले नाही. त्याच वर्षी सुरू झालेला हा प्रयोग मात्र दशकानुदशके चालू राहिला.

खालच्या भागात ‘ज्युरासिक पार्क’वर आधारित जलसफर १९९६ मध्ये सुरू झाली. २०१९ मध्ये तिचे ‘ज्युरासिक वर्ल्ड’ या नावाने नूतनीकरण झाले. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी याच भागात सुपर निंटेंडो वर्ल्ड सुरू झाले. ते व्हिडिओ गेमवर आधारित असल्याने उद्यानाचा विषय आता केवळ चित्रपटांपुरता उरलेला नाही.

दुपार व संध्याकाळची भेट

ट्रामची शेवटची फेरी उद्यान बंद होण्याच्या बरीच आधी सुटते. म्हणून दुपारी येणारे प्रेक्षक सहसा प्रथम स्टुडिओ सफर करतात. उन्हाच्या वेळी खालच्या भागातील जलसफरीकडे वळून संध्याकाळी वरच्या भागात परतणे, हा क्रमही अनेकांना सोयीचा वाटतो. वरच्या भागातील सज्जांवरून सॅन फर्नांडो खोऱ्याचा विस्तार आणि मावळतीनंतर शहरात लागणारे दिवे दिसतात. अंधार पडल्यावर ठरावीक हंगामांत हॉगवॉर्ट्स किल्ल्यावर प्रकाशाचे खेळ दाखवले जातात. शरद ऋतूतील निवडक रात्री भयपटांवर आधारित ‘हॅलोवीन हॉरर नाइट्स’ हा उपक्रम होतो. त्यासाठी वेगळे तिकीट लागते. उद्यानाबाहेर १९९३ मध्ये सुरू झालेला ‘सिटीवॉक’ हा दुकाने, उपाहारगृहे आणि चित्रपटगृहांचा भाग आहे. तेथे उद्यानाचे तिकीट लागत नसल्याने संध्याकाळी स्थानिक लोकांचीही वर्दळ असते.

इतर उद्याने

या स्टुडिओच्या धर्तीवर ऑरलँडो (१९९०), ओसाका (२००१), सिंगापूर (२०१०) आणि बीजिंग (२०२१) येथे उद्याने सुरू झाली. चालू स्टुडिओच्या सफरीतून जन्मलेले उद्यान मात्र त्यांपैकी हॉलीवूडचेच आहे.