केनियात वीज आणि इंधन घरापर्यंत कसे पोहोचते?

केनियात विजेचे काम कंपन्यांनी वाटून घेतले आहे. बहुतांश वीज ‘केनजेन’ ही मोठा हिस्सा सरकारचा असलेली कंपनी निर्माण करते. काही वीज खासगी उत्पादकांकडून आणि इथिओपियातून येते. नैवाशा सरोवराजवळच्या ओल्कारियात भूगर्भातील वाफेवर जनित्रे फिरतात. देशाच्या विजेत या भूऔष्णिक ऊर्जेचा वाटा सुमारे चाळीस टक्के असतो. उच्चदाबाच्या नव्या वाहिन्या ‘केट्राको’ उभारते, तर ग्राहकांना वीज ‘केनिया पॉवर’ विकते. अनेक घरांत प्रीपेड मीटर असतात. ‘एम-पेसा’ या मोबाइल सेवेवरून पैसे भरले की वीस अंकी टोकन येते, ते मीटरवर टाकले की वीज सुरू!

इंधनाची वाट वेगळी. पेट्रोल-डिझेल मोंबासा बंदरात जहाजांतून उतरते आणि ‘केनिया पाइपलाइन कंपनी’च्या नळांतून नैरोबीमार्गे पश्चिमेकडे जाते. पुढे टँकर ते पंपांवर नेतात. तिथे शेल, टोटलएनर्जीज, रुबिस अशा पाट्या दिसतात. कमाल किरकोळ दर मात्र ‘एप्रा’ हा नियामक दर महिन्याच्या १४ तारखेला जाहीर करतो. दरात वाहतूकखर्च धरलेला असल्याने मोंबासात पेट्रोल स्वस्त, तर दूरच्या मंडेरात महाग पडते.