'उलट' या एका शब्दाला इंग्रजीत तीन पर्याय

शोधनिबंध किंवा प्रकल्प-अहवाल इंग्रजीत लिहिताना 'ऑन दि अदर हँड', 'इन कॉन्ट्रास्ट' आणि 'ऑन द कॉन्ट्ररी' यांची गल्लत होते. याचे कारण मराठीत आहे. 'तो रागावला नाही, उलट हसला' आणि 'कोकणात धो धो पाऊस पडतो. याउलट माणदेश कोरडा' या दोन्ही वाक्यांत आपण 'उलट'च वापरतो. पहिल्या वाक्यात एक समजूत खोडली आहे. दुसऱ्यात दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत. इंग्रजीत या दोन कामांसाठी वेगळे शब्दप्रयोग लागतात.

बंगळुरूच्या कोरमंगला भागातील भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या दुर्बिणींची उदाहरणे घेऊ.

१. ऑन दि अदर हँड : एकाच प्रश्नाच्या दोन बाजू, दोन्ही खऱ्या. निरीक्षणासाठी कोणती दुर्बीण निवडावी? तमिळनाडूतील कावळूरच्या दुर्बिणीचा आरसा २.३४ मीटरचा, म्हणजे मोठा आहे. ऑन दि अदर हँड, लडाखमधील हान्लेचा आरसा २ मीटरचा असला तरी तिथली हवा कोरडी व विरळ आहे.

२. इन कॉन्ट्रास्ट : दोन वेगळ्या गोष्टींतील फरक. कावळूर सुमारे ७२५ मीटर उंचीवर आहे. इन कॉन्ट्रास्ट, हान्ले सुमारे ४,५०० मीटरवर आहे.

३. ऑन द कॉन्ट्ररी : आधी नाकारलेल्या विधानाच्या जागी खरे काय ते सांगणे. हान्लेची दुर्बीण चालवायला लडाखला जावे लागत नाही. ऑन द कॉन्ट्ररी, ती बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवता येते.

आता दुसऱ्या उदाहरणात 'ऑन द कॉन्ट्ररी' घालून पाहा. कावळूरच्या उंचीचा आकडाच तुम्ही खोडून काढता आहात, असे वाचकाला वाटेल. आकडे बरोबर असूनही निष्कर्ष संशयास्पद ठरेल.

कसोटी : मागचे विधान खरे राहते का? राहत असेल तर पहिले दोन पर्याय. मागच्या वाक्यात 'नाही' म्हणून एखादी समजूत नाकारली असेल आणि पुढचे वाक्य त्या नकाराला बळ देत असेल, तरच तिसरा.

दोन सूचना : मराठीत आर्टिकल नसल्याने 'ऑन अदर हँड' असे लिहिले जाते, त्यातला 'दि' गाळू नका. तसेच 'दुसऱ्या बाजूला' याचे शब्दशः भाषांतर करून 'ऑन दि अदर साइड' लिहू नका. तो प्रयोग मुख्यतः जागेसाठी आहे, जसे रस्त्याच्या पलीकडे.

स्वाध्याय : रिकामी जागा भरा. 'ही संस्था १९७१ साली स्वायत्त झाली. पण तिचा इतिहास तेव्हा सुरू होत नाही. ____, तो मद्रासमधील १७८६ सालच्या वेधशाळेपर्यंत मागे जातो.'

उत्तर : ऑन द कॉन्ट्ररी. दुसऱ्या वाक्यात एक समजूत नाकारली आहे आणि तिसऱ्यात तिच्या जागी खरी माहिती दिली आहे.