वरच्या सुरात आवाज का फाटतो? परिपाठातलं गाणं आणि दोन आवाजांची जोडणी



उद्याच्या परिपाठाला एक गोष्ट मुद्दाम कान देऊन ऐका. राष्ट्रगीत सुरू होतं तेव्हा सगळी मुलं साधारण एका आवाजात असतात. शेवटचा जयघोष आला की आवाजाच्या तीन वाटा होतात. काही मुलं मान वर करून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडतात. काहींचा आवाज एकदम बारीक होतो, जणू दुसरंच कोणी गातंय. आणि काही मुलं गप्प होतात, नुसते ओठ हलवतात.

राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं. त्यातली ही शेवटची काही सेकंदं. पण मुलांच्या आवाजाबद्दल आपल्याला जे कळायला हवं, ते बरंचसं तिथेच ऐकू येतं.

मी इटियाडोह धरणाच्या परिसरातल्या एका शाळेत शिकवतो. डी.एड. झालेला साधा प्राथमिक शिक्षक आहे, गायक नाही. तरी परिपाठ, गॅदरिंग, समूहगीत हे सगळं आपल्याच गळ्यात पडतं. म्हणून थोडं वाचलं, थोडं गाणाऱ्यांना विचारलं, आणि बरंचसं मुलांकडून शिकलो. ते इथे मांडतो.

आधी माझी चूक

काही वर्षांपूर्वी समूहगीताची तयारी चालली होती. सातवीतला एक मुलगा वरच्या ओळीला आला की त्याचा आवाज तुटायचा. मुलं हसायची. मी म्हणायचो, "जोर लाव, जोर!" तो जोर लावायचा आणि आवाज आणखी तुटायचा. शेवटी तोच म्हणाला, "सर, वर गेलो का माहा आवाज फाटते."

मी त्याला सांगितलं, "तू फक्त ओठ हलव."

कार्यक्रम छान झाला. टाळ्या पडल्या. पण तो मुलगा नंतर वर्गातही गायला उठला नाही. पुढे कळलं, आजोबांबरोबर भजनाला बसायचा तेही त्याने सोडलं. मी त्याला मारलं नव्हतं, रागावलोही नव्हतो. पण "तुला गळा नाही" असा निकाल मी देऊन टाकला होता आणि तो निकाल चुकीचा होता. त्याच्या गळ्यात काही खराबी नव्हती. मला गळ्याची माहिती नव्हती.

गळ्यात नेमकं काय होतं?

आपल्या स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. श्वास खालून वर येताना ते थरथरतात आणि आवाज तयार होतो. हार्मोनियमवर पांढरी एकचा सूर धरला आणि मूल त्या सुरात गायलं, तर त्याचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २६० वेळा थरथरतात. त्याच्याच वरचा, म्हणजे तार सप्तकातला षड्ज गायचा तर बरोबर दुप्पट, साधारण ५२० वेळा.

हे दुप्पट काम कसं होतं? एक रबरबँड घ्या. सैल धरून छेडला तर तो जाड दिसतो, आवाज खालचा येतो. ताणून छेडला तर बारीक होतो, आवाज वर जातो. स्वरतंतूंचंही तसंच. त्यासाठी मुख्यतः दोन स्नायू काम करतात. एक स्वरतंतूच्या आतच असतो, तो तंतूला आखूड आणि जाड करतो. दुसरा स्वरयंत्राच्या पुढच्या बाजूला असतो, तो तंतूला ताणून लांब आणि पातळ करतो.

खालच्या सुरात पहिल्याचं राज्य असतं. आवाज भरदार येतो, छातीवर हात ठेवला तर कंप जाणवतो. याला आपण 'छातीचा आवाज' म्हणतो. वरच्या सुरात दुसऱ्याचं राज्य. आवाज हलका, बारीक होतो आणि कंप डोक्यात, नाकाच्या मुळाशी जाणवतो. हा 'डोक्याचा आवाज'. आवाज छातीत किंवा डोक्यात तयार होत नाही, हे मुलांना जरूर सांगा. तो गळ्यातच तयार होतो. छाती आणि डोकं ही फक्त जाणवण्याची ठिकाणं.

आता बंडीचे दोन बैल आठवा. सपाट रस्त्याला एक बैल जास्त ओढतो, चढाला दुसरा. पहिला शेवटपर्यंत एकटाच ओढत राहिला आणि दमून एकदम थांबला, तर बंडीला हिसका बसतो. हा हिसका म्हणजेच आवाज फाटणं. आणि पहिला हळूहळू सैल पडत असतानाच दुसऱ्याने भार घेतला, तर बंडीत बसलेल्याला कळतसुद्धा नाही. गाणं शिकताना दोन आवाज जोडायचे म्हणतात ते हेच.

राष्ट्रगीताचं बघा. त्याची चाल मंद्र निषादापासून तार षड्जापर्यंत फिरते. शेवटच्या जयघोषाआधी चाल खाली मध्य षड्जावर येऊन टेकते आणि तिथून जवळपास सप्तकभर उडी घेते. खालची ओळ मुलं छातीच्या आवाजात म्हणतात आणि उडीच्या वेळी तोच जाड आवाज वर ढकलतात. बैल बदलायला वेळच मिळत नाही. म्हणून कोणी ओरडतं, कोणाचा आवाज पलटतो, कोणी गप्प बसतं. आपण उगाच शिस्तीला दोष देतो.

ही ओळख आपल्याकडे जुनी आहे

'छातीचा' आणि 'डोक्याचा' आवाज हे शब्द परदेशातून आले असं वाटतं. पण १३ व्या शतकात देवगिरीला, म्हणजे आपल्याच महाराष्ट्रात, यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ लिहिला. त्यात नादाची तीन स्थानं सांगितली आहेत : मंद्र हृदयात, मध्य कंठात आणि तार मस्तकात. प्रत्येक पुढचा आधीच्याच्या दुप्पट, हेही त्यात आहे. कंप मोजायचं यंत्र नसताना त्यांनी हे कानाने आणि अंगाने ओळखलं होतं.

जोड लपवणं हीच एक रीत आहे असंही नाही. किशोरकुमार यांचं यॉडलिंग आठवा. ते जाड आवाजातून बारीक आवाजात मुद्दाम उडी मारतात आणि तो हिसकाच गंमत बनवतात. म्हणजे आवाज पलटणं हा दोष नाही. आपल्या इच्छेने पलटला तर कला, इच्छेविरुद्ध पलटला तर अडचण, एवढाच फरक. शाहिरी गाणं खड्या आवाजाचं असतं. १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत झालेलं गीत शाहीर साबळे यांच्या आवाजात मुलांनी ऐकलेलं असतं, म्हणून तीही तसाच खडा आवाज काढायला बघतात. पण शाहिराच्या त्या आवाजामागे वर्षानुवर्षांचा रियाज असतो. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकातही नट रात्रभर बोलतात आणि गातात. मुलांना त्यातला फक्त जोर दिसतो.

वर्गात काय करता येईल?

रोज परिपाठाआधी पाच मिनिटं पुरतात. साहित्य काहीच लागत नाही.

१. *कोकीळ आणि भोंगा.* मुलांना कोकिळेसारखं 'कुऽहू' करायला सांगा. मग 'ऊ' या स्वरावर वरून खाली घसरत या, भोंगा बंद होताना येतो तसं. सुरुवात वरून करायची, हे महत्त्वाचं. हलका आवाज खाली आणणं सोपं असतं, जड आवाज वर ढकलणं अवघड. खाली येताना मध्येच अडखळलं तर थांबायचं नाही, फक्त आणखी हळू आवाजात पुन्हा करायचं.

२. *ट्रॅक्टर.* ओठ सैल ठेवून 'ब्रर्रर्र' करायचं, लहान मुलं खेळताना करतात तसंच. हे करतच सूर वर-खाली न्यायचा. ओठ थरथरत असताना गळ्यावर जोर देणं कठीण जातं, त्यामुळे जोडणी आपोआप सोपी होते. पहिली-दुसरीला हा खेळ फार आवडतो.

३. *दुरून हाक.* धरणाच्या पाळीवरून पलीकडच्या मित्राला हाक मारायची आहे असं समजा. 'एऽऽ' अशी लांब हाक बहुतेक मुलं न शिकवता गळा मोकळा सोडून मारतात. ओरडणं आणि हाक मारणं यातला फरक दाखवायचा तो इथे. ओरडताना गळा आवळतो, हाक मारताना आवाज पुढे जातो.

४. *वर जाताना आवाज वाढवू नका.* हा सगळ्यात अवघड नियम, मुलांना आणि आपल्यालाही. वरची ओळ आली की निम्म्या आवाजात म्हणायची. भरदारपणा नंतर येतो. आधी हिसका जाऊ द्या.

५. *तोंडाचा आकार.* उंच सुरावर पसरट 'आ' केला की गळा आवळतो. तोच 'आ' थोडा 'ओ'कडे झुकवला, म्हणजे तोंड आडवं न उघडता उभं उघडलं, तर सूर सुटा निघतो.

६. *सूर मुलांचा धरा, आपला नाही.* माझी दुसरी मोठी चूक ही. पुरुषाचा आवाज मुलांपेक्षा साधारण एक सप्तक खाली असतो. मी माझ्या सोयीने गायचो आणि काही मुलं माझा आवाज पकडायला खाली घोगरं गायची. मग वर जायला जागाच उरत नव्हती. आता मी हार्मोनियमवर पांढरी एकचा सूर देतो, नसेल तर मोबाईलवर तानपुरा लावतो, आणि सुरुवात एखाद्या मुलीला करायला सांगतो. मुलांना मुलांचाच आवाज पकडणं सोपं जातं.

एक काळजी घ्या. यातलं काहीही करताना गळा दुखला तर लगेच थांबायचं. सर्दी-खोकला नसताना एखाद्या मुलाचा आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर पालकांनी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं.

सहावी-सातवीच्या मुलांसाठी खास

साधारण १२ ते १४ वर्षांच्या सुमारास मुलांचं स्वरयंत्र भराभर वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. काही काळात आवाज जवळपास एक सप्तक खाली येतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण थोडाच, म्हणून तो लक्षात येत नाही. या काळात मुलाचे दोन्ही बैल नवे असतात. काल जिथे जोड होता तिथे आज नसतो. आवाज फाटणारच.

अशा मुलाला गप्प बसवू नका आणि वर ताणायलाही लावू नका. त्याला जे चार-पाच सूर आरामात येतात, त्यातच गाऊ द्या. समूहगीतात खालचा षड्ज धरून ठेवायचं काम द्या. वरची ओळ आली की त्याने खालच्या सप्तकात म्हटली तरी चालेल. आणि हसणाऱ्या वर्गाला आधीच विज्ञान समजावून सांगा. मिशी फुटते तसा आवाजही फुटतो, यात हसण्यासारखं काय?

हे मला त्या वेळी माहीत असतं, तर त्या मुलाला मी ओठ हलवायला सांगितलं नसतं. दिवाळीनंतरच्या मंडईत तो मला भेटला. आवाज आता चांगला भरदार झालाय. मी त्याला म्हटलं, "तेव्हा माझं चुकलं होतं रे. तुझा आवाज बदलत होता, मला समजलं नाही." तो हसला, म्हणाला, "जाऊ द्या ना सर." पुन्हा गातोस का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

आता आमच्या परिपाठातला जयघोष अगदी सुरेल होतो असं नाही. कोणाचा तरी आवाज अजूनही पलटतो. पण गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसत नाहीत आणि ओठ नुसते हलत नाहीत. सगळी गातात.

पालकांनो, घरात मूल गुणगुणत असेल तर "केवढं बेसूर!" म्हणायच्या आधी एवढंच बघा : ते जोर लावतंय का? लावत असेल तर म्हणा, "हळू म्हण, पुन्हा म्हण." पुष्कळदा तेवढंही पुरतं.