पत्ता बरोबर, पण उत्तर नाही!

सर्व्हर म्हणजे एकाच वेळी अनेकांना सेवा देणारे संगणक. ते उंच लोखंडी मांडणीत, म्हणजे रॅकमध्ये, एकावर एक बसवलेले असतात. त्यांना वीज वाटून देणाऱ्या, अनेक सॉकेटांच्या पट्टीला पीडीयू म्हणतात. दिसायला ही पट्टी घरातल्या एक्स्टेन्शन बोर्डाची थोरली बहीण! पण काही पीडीयूंमध्ये एक छोटा संगणकही असतो. जाळ्यावरून आज्ञा मिळताच तो हव्या त्या सॉकेटचा पुरवठा बंद किंवा चालू करतो. मध्यरात्री एखादा सर्व्हर अडकला, तर दूरच्या इमारतीतून त्याची वीज क्षणभर तोडून तो पुन्हा सुरू करता येतो. मात्र त्यासाठी पीडीयूशी संपर्क हवा.

हा संपर्क तीन आकड्यांवर अवलंबून असतो. समजा, ते असे आहेत :

आयपी पत्ता : १९२.१६८.१०.४५
सबनेट मास्क : २५५.२५५.२५५.२२४
गेटवे : १९२.१६८.१०.३३

हा पत्ता ३२ बिटांचा असतो. आठ-आठ बिटांचे चार गट करून प्रत्येक गट दशमान पद्धतीत लिहितात; म्हणून कोणताही गट २५५ च्या पुढे जात नाही. पत्त्याचा पहिला भाग आळी सांगतो, उरलेला भाग घर सांगतो. आळी कुठे संपते, ते मास्क ठरवतो. मास्कमध्ये १ आहे तिथवर आळी, ० आहे तिथे घर. गेटवे ही आळीची वेस. बाहेरचे निरोप तिथूनच जातात.

आता शेवटचा गट द्विमान पद्धतीत मांडू. दोन्हीकडे १ असेल तिथेच १ लिहायचा :

४५ : ००१०११०१
२२४ : १११०००००
उत्तर : ००१००००० = ३२

म्हणजे ही आळी ३२ ते ६३ अशी आहे. पहिला व शेवटचा क्रमांक राखीव असल्यामुळे उपकरणांसाठी ३० पत्ते उरतात. देखरेख करणाऱ्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१०.७० असेल, तर हेच गणित ६४ देते. आळी वेगळी, म्हणून पीडीयू आपले उत्तर वेशीकडे सोपवतो.

आता सवयीने कोणी मास्क २५५.२५५.२५५.० असा भरला, तर काय होईल? पीडीयूला ७० क्रमांक आपल्याच आळीत वाटेल. तो आळीतच हाक मारील; पण ७० तिथे नाहीच. विचारणा पोहोचते, उत्तर मात्र परत जात नाही. गंमत अशी, की त्याच आळीतल्या ५० क्रमांकाच्या संगणकावरून तपासले तर सारे सुरळीत दिसते! चूक उघडी पडते ती मध्यरात्री, गरज असते तेव्हाच.

अशा वेळी सॉकेटांची वीज जात नाही; जातो तो दूरचा ताबा. मग कोणीतरी रॅकपर्यंत जाऊन, बहुधा सीरियल केबल जोडून, मास्क दुरुस्त करावा लागतो. म्हणून आकडे भरल्यावर खोली सोडण्यापूर्वीच दुसऱ्या आळीतल्या संगणकावरून चाचणी घ्यावी. तोच पत्ता दुसऱ्या उपकरणाला दिलेला नाही ना, हे पाहावे आणि कारखान्यातून आलेला पासवर्डही बदलावा.

वर्गात हेच गणित मास्कचा शेवटचा गट १९२ आणि नंतर १२८ घेऊन करायला द्यावे. ४५ आणि ७० शेजारी केव्हा होतात, हे विद्यार्थ्यांनीच शोधून काढावे.